एक्स-रेवालीला मत विचारलं तेव्हा

गल्लीत तिला एक्स-रेवाली म्हणतात. इस्पितळाच्या तळमजल्यावर, जाड दाराच्या खोलीत, अठरा वर्षं तिचं एकच पालुपद: श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा. फोटो पडद्यावर उमटला की मोडलेलं हाड सगळ्यांच्या आधी हिला दिसतं. पण त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा तिथला नियम. "ताई, काही निघालं का हो?" असं कुणी काकुळतीला येऊन विचारलं, की हिचं ठरलेलं, "रिपोर्ट उद्या. डॉक्टर सांगतील." चेहरा असा, की भिंतीनं येऊन शिकवणी लावावी.

आणि अशा बाईला इंग्रजीच्या परीक्षेत मत विचारतात, म्हणजे बघा! नवरा दोन वर्षांपूर्वी परदेशी गेला. तिथल्या एका इस्पितळानं हिच्यासाठी जागा धरून ठेवलीय, पण महिनाअखेरपर्यंतच, आणि इंग्रजी बोलण्यात सात गुण मिळाले तरच. दोनदा गाडी सहावर अडली. स्वतःची ओळख फर्डी, दिलेल्या विषयावर दोन मिनिटंही फर्डी. शेवटच्या चर्चेत 'तुम्हाला काय वाटतं?' आलं की बाई ठप्प. लोक म्हणत, घाबरते. कसली घाबरते! घाबरायला आत काहीतरी हलावं लागतं.

शिकवणी घरातच, नणंदेकडे. नणंद शाळेत इंग्रजी शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी रागवायला हक्काची एवढी एक वहिनी.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तिनं मोबाइलचं घड्याळ लावलं.

"शहरात झाडं वाढवावीत का?"

"काही लोक म्हणतात वाढवावीत," वहिनी इंग्रजीत म्हणाली. "काही म्हणतात नको."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी कोण म्हणणार?" हे मराठीत.

"अगं, दादाशी लग्न करतानाही हेच म्हणालीस का?"

"तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं."

नणंद हसून हसून टेबलावर आडवी झाली. वहिनी घड्याळाकडे बघत राहिली.

"बरं, पुढचा. वाईट बातमी माणसाला लगेच सांगावी का? उदाहरण दे."

"सांगावी, असं मला वाटतं," वहिनी इंग्रजीत बोलू लागली, आणि या वेळी थांबलीच नाही. "माझ्या सासूबाई. त्यांच्या छातीचा फोटो मी काढला. डाग मला दिसला. बाहेर त्यांची मुलगी उभी होती. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, रिपोर्ट उद्या. तिला वाटलं, काही नाही. आईला घेऊन ती हसत घरी गेली."

आवाज रोजचाच, श्वास रोखा म्हणतानाचा.

नणंदेनं हातातलं पेन खाली ठेवलं. घड्याळाचे आकडे पुढे सरकत होते.

"तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"आणि तीन वर्षं तू..."

"हो."

नणंद उठली, मोरीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारून आली. खुर्चीत बसली ती मात्र मास्तरीणच.

"चर्चेत दुसरी बाजूही मांडतात. मांड."

वहिनीनं घड्याळ स्वतःकडे वळवलं. "त्या संध्याकाळी तुम्ही मायलेकी बागेत जाऊन आलात. उशिरापर्यंत आईंचा हसण्याचा आवाज येत होता. तसा नंतर कधी आला नाही."

नणंदेनं घड्याळ बंद केलं. "वेळ बरोबर घेतलास," एवढंच म्हणाली.

गुरुवारी परीक्षकानं वस्तुसंग्रहालयांबद्दल विचारलं. वहिनीनं आजवर एकाचीही पायरी चढली नव्हती. तरी कोरडी ठणठणीत मतं एकामागून एक देऊन आली. आठवड्यानं निकाल लागला. सात.

नणंदेनं तिला घट्ट मिठी मारली. वहिनी मिठीत उभी राहिली, रांगेत उभी राहावी तशी.

"जावंसं वाटतंय ना गं?"

"काहीच वाटत नाहीये."

नणंदेनं तिच्याकडे नीट पाहिलं, मग स्टूल ओढलं, माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि ओल्या फडक्यानं पुसायला घेतली.