केतकीसाठी मी काय बोललो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मी वसईचा, जन्मानं कॅथलिक. कन्फेशनला जातो तेव्हा फादरांपुढे दुसरीच पापं सांगून उठतो. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी मी इतिहासात पीएचडी करत होतो. विषय — राजांचे कार्डिनल. तसा कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू, पोपचाच माणूस. पण दूरच्या राजाला आपल्या पसंतीचा बिशप हवा, तर पोपच्या सभेत ते नाव मांडणारं कुणीतरी लागायचं. संन्याशांच्या संघांना असा एकेक पाठीराखा कार्डिनल आधीपासून होताच. मग राजांनीही आपापला गाठला — मान दिला, उत्पन्नं दिली. पोपनी आधी मनाई केली, मग काणाडोळा, शेवटी मान्यता. मला एकच प्रश्न छळायचा — असा माणूस सभेत तोंड उघडतो, तेव्हा तो नक्की कुणाचा असतो?

केतकी नागपूरची. समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहायची, माझ्याच प्रोफेसरांकडे शिकायची. तिची आई अचानक आजारी पडली. एक सेमिस्टर तिला घरी जावं लागणार होतं. तिची जागा राखायची का, हे डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. तिथे विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी — मी.

निघताना बसस्टॉपवर ती म्हणाली, "यार, मी जानेवारीत येतेच आहे. तू फक्त तेवढं सांग त्यांना."

तेवढंच. किती सोपं होतं, नाही?

पण प्रोफेसर त्याआधी सहज बोलून गेले होते — उन्हाळ्यात रोमच्या दप्तरखान्यात एकालाच पाठवता येईल. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. केतकीचं लॅटिन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं — ते त्यांना माहीत होतं, मलाही.

मीटिंगमध्ये त्यांनी मला विचारलं, ती परत येईल का? मी म्हणालो, "आय अ‍ॅम नॉट शुअर."

खात्री होती मला. पूर्ण.

जागा गेली. रोमला मी गेलो. तिला फोनवर म्हणालो — खूप भांडलो गं, कुणी ऐकलंच नाही.

तिची पीएचडी राहिली ती राहिलीच. नागपुरात एका शाळेत शिकवते. मी इथे जर्सी सिटीत राहतो, कॉलेजात शिकवतो. फोनवर तिचं नाव आलं की आजही पहिला विचार हाच — त्या मीटिंगमधलं कुणी भेटलं तर नसेल तिला?

परवा पुन्हा तिचा फोन आला. तिच्या मुलीला इथे अ‍ॅडमिशन मिळाली आहे. "घर मिळेपर्यंत तुझ्याकडे पाठवू?" तिनं विचारलं. "मी तिला सांगितलंय — काकांकडे बिनधास्त राहा. तिथे माझ्या बाजूनं बोलणारा तो एकटाच होता."

"अगं, त्यात काय," मी म्हणालो.

तिनं आभार मानले. मी ते घेतले.