लक्षणीय वाढ

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाईंनी मला स्वतःच्या ओसरीवर शिकवलं आणि कॉलेजच्या अर्जावर वडिलांची सही घ्यायला त्या स्वतः घरी आल्या. वहीतल्या मोघम शब्दाखाली त्या लाल रेघ मारत आणि समासात लिहीत, ‘म्हणजे किती?’

आज मी बंगळुरात बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत संशोधनाचे निष्कर्ष सोप्या मराठीत उतरवतो. सकाळी कर्करोगाचं औषध, दुपारी तरुणांच्या लैंगिक आरोग्याची पाहणी, संध्याकाळी परदेशी व्यापारावरचा लेख. पाहणीतले ‘असुरक्षित संबंध’ खोडून वरिष्ठांनी ‘निष्काळजी सवयी’ केलं. मी वाद घातला नाही. व्यापारावरच्या एका लेखाचा निष्कर्ष असा होता, की परक्या देशात माल विकायचा तर तिथल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोला, विश्वास लवकर बसतो. तो मी खुशीत उतरवला. आपल्या भाषेला मान मिळतोय असं वाटलं.

बाईंना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. गावाकडचे उपचार संपल्यावर तो उलटला, तेव्हा त्या बंगळुरातच राजाजीनगरला भाचीकडे आल्या. दवाखान्यात मी बरोबर होतो. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: दर तीन आठवड्यांनी नवं औषध, किंवा गावी जाऊन फक्त वेदनेवर गोळ्या. बाहेर रांग होती. त्यांनी त्या औषधाचं एक मराठी पत्रक हातात दिलं आणि वाचून ठरवा म्हणाले. ‘स्वल्प बसा, अक्का,’ थोडं बसा, असं कन्नडमिश्रित मराठीत म्हणत नर्सने बाक दाखवला.

बाईंनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून हसल्या.

“‘आयुर्मानात लक्षणीय वाढ.’ हे तुझं आहे ना? ‘परंतु’च्या आधी स्वल्पविराम न चुकता तूच देतोस.”

“हो, बाई.”

“म्हणजे माझ्याच विद्यार्थ्याच्या मराठीत बरं व्हायचं होतं तर. मग घेऊ म्हणतोस?”

संशोधनात ‘लक्षणीय’ फरक म्हणजे मोठा फरक नव्हे. दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा नसावा, एवढाच त्याचा अर्थ. मूळ लेखातला तक्ता मी पाहिला होता. वाढ होती ती काही आठवड्यांची. पण निकालाच्या फळ्यावर माझं नाव दिसल्यावर त्यांनी बघितलं होतं, तसंच त्या माझ्याकडे बघत होत्या.

“घ्या, बाई,” मी म्हणालो.

आयुष्यात त्या एकदाच ‘म्हणजे किती?’ विचारायला विसरल्या, आणि ते माझ्यावर विश्वास होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना म्हणालो, तो शब्द बदलू या, लोकांचा गैरसमज होतो. ते शांतपणे म्हणाले, मूळ इंग्रजीत तोच शब्द आहे, शब्दकोशात तोच अर्थ आहे, ग्राहक कंपनीने मंजूर केलंय. यात चूक कुठे आहे ते दाखव. चूक मला दाखवता आली नाही.

तीन डोस झाले. बाईंचं तोंड आतून सोललं, ताकही झोंबायचं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला त्या दरवर्षी परीक्षक असत, निवृत्तीनंतरही. यंदाचं प्रदर्शन त्या राजाजीनगरच्या खोलीत पडून असताना होऊन गेलं. परीक्षक कोण होतं रे, एवढंच त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही, आणि जे सांगायचं होतं तेही तोंडातून निघेना. बाई लिहिलेलं तपासतात. म्हणून एकाच शहरात राहून मी त्यांना पत्र टाकलं.

‘बाई,

सा. न. पत्रकातला “लक्षणीय” हा शब्द माझा आहे. म्हणजे किती, ते मी लिहिलं नाही. काही आठवडे, मे महिन्याच्या सुट्टीहून कमी, आणि तेही सगळ्यांना नाही. बाकावर बसलो होतो तेव्हा हे मला माहीत होतं. तरी मी “घ्या” म्हणालो, कारण माझं मराठी वाचून तुम्ही खूश झाला होतात.

पुढचा डोस पुढच्या सोमवारी आहे. तो घ्यायचा की गावी जायचं, हे आता तुम्ही ठरवा. गावी म्हणालात तर मी बरोबर येतो, रजा टाकली आहे.

यात कुठे मोघम राहिलं असेल तर रेघ मारून परत पाठवा.

तुमचा विद्यार्थी’