भाऊजी आणि टिंबानंतरची मोकळी जागा

आमच्या धाकट्या भाऊजींइतका टिंबावर जीव लावणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर पहिल्याच दिवशी दोघांचं भांडण होईल. सोनईतलं कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून भाऊजी मोबाईलवरच्या एका ज्ञानकोशात लेख लिहितात. लिहितात कसले, लेखांच्या मथळ्यातली माणसांची आद्याक्षरं सरळ करत बसतात. अक्षर, टिंब, मग मोकळी जागा, मग दुसरं अक्षर, हा त्यांचा धर्म. पुण्याकडचा कोणी एक गृहस्थ मात्र ती मोकळी जागा काढून टाकतो. भाऊजींनी सकाळी घालायची, त्यानं दुपारी काढायची. जगाचं केवढं कल्याण चाललंय, आणि आम्ही बाया आपल्या नुसत्या भाकरी थापतोय!

पुतणीच्या लग्नपत्रिका छापून आल्या, तर आजोबांच्या नावातली अक्षरं चिकटली म्हणून यांनी सगळा गठ्ठा परत धाडला. नवरदेवाकडचे धास्तावले, लग्न मोडलं का काय. मला म्हणतात, "वहिनी, अक्षरांनाही श्वास घ्यायला जागा लागते." मी म्हटलं, "व्हय भाऊजी, पाहुण्यांना बसायलाबी लागती. आधी मांडवाचं बघा."

तर या भाऊजींनी आपल्या शाळेतल्या गुरुजींवर लेख लिहिला. घोडेगावचे द. भि. खोसे गुरुजी. आईबाप ऊसतोडीला गेले की ज्यांची शाळा सुटायची, ती पोरं या माणसानं स्वतःच्या घरात ठेवून शिकवली. लेख इतका गोड झाला होता की मी चूल सोडून वाचला. पण मथळ्यातल्या जागेचा निकाल लागेपर्यंत तो लोकांपुढे ठेवायचा नाही, असं भाऊजींनी ठरवलं. चुकीचा पायंडा पडेल म्हणे! तिकडे गुरुजींनी अंथरूण धरलेलं. त्यांची लेक सारखी फोन करायची, "आबा रोज इचारत्यात, माझं आलं का मोबाईलात?"

शेवटी मीच बोलले, "भाऊजी, टिंबाला घाई न्हाई. गुरुजींना हाय."

भाऊजींपुढचा चहा गार झाला. मग त्यांनी पुण्याच्या गृहस्थाच्या पद्धतीनं, जागा न सोडता, लेख टाकला. चेहरा असा, की जणू घरचा बैल बाजारात देऊन आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घोडेगावला गेलो. भाऊजींनी मोबाईल गुरुजींच्या डोळ्यांपुढे धरला. गुरुजी बराच वेळ बघत राहिले.

"एवढंच व्हय? माझं नाव कुठाय?"

"हेच की गुरुजी. द. भि. खोसे."

"आरं, दगडू हाय मी. आधीची लेकरं जगली न्हाईत. दगडाला कोन न्हेतंय, म्हनून आईनं हे ठिवलं. मास्तर झाल्यावर मला लाज वाटाया लागली, तवा त्याचं 'द' केलं. आता दगडू म्हननारं कुनी राह्यलं न्हाई रं."

भाऊजींनी खाटेच्या कडेला बसून मथळा बदलला. पूर्ण नाव. एक टिंब नाही त्यात.

"वाच," गुरुजी म्हणाले. "निस्तं नाव वाच."

गुरुजींचं नाव तोंडानं घ्यायचं, तेही एकेरी! भाऊजींनी मान खाली घातली.

"म्हन की, लेका."

अंगणात खेळणाऱ्या पोराला घरात बोलवावं, तसं भाऊजी हळूच म्हणाले, "दगडू."

डोळे मिटूनच गुरुजींनी ओ दिली.