चाळीतल्या चिंध्यांची खबर

ती सकाळ आठवली की आजही माझ्या बोलण्याचा आवाज आपोआप खाली येतो. हे कागदावर नीट उतरेल की नाही, शंका आहे. तरी लिहितो.

काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. मी घाटकोपरला नवा फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, वडील गिरणी कामगार. पाच-सहा वर्षांपूर्वीच राज्यघटना लागू झालेली. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा नागरिकांना हक्क आहे, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. ठाण्यावर मात्र रोज सकाळच्या हजेरीला दुसरीच वाक्यं ऐकू येत. जमावबंदी, लाठी पार्टी, रायफल पार्टी. शहरात गोळीबार होऊन माणसं मेली होती. खाकी कपड्यात बाजारातून गेलो की बायका पोरांना आत ओढून घेत.

अशात एका मंत्र्यांचा दौरा ठरला. टेकडीच्या पायथ्याशी नवी इमारत उघडायला ते येणार होते. रस्ता टेकडीच्या उतारावरच्या कामगारांच्या तीन चाळींखालून जाणारा. हुकूम निघाला : त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मिरवणूक, घोषणा, वाद्यं, पाच किंवा अधिक माणसांचा जमाव, सगळ्याला बंदी.

आदल्या दिवशी सकाळी खबर आली. खबऱ्या नाक्यावरचा विडीवाला.

"साहेब, चाळीत चिंध्या गोळा चालल्यात. घरोघर. जुनी लुगडी, धोतरं, काय मिळेल ते. भजनीबुवांच्या खोलीत ढीग लागलाय."

आमचे हवालदार जुने, अनुभवी. ते ताडकन म्हणाले, "काकडे! रॉकेलात बुडवायचे, पेटवायचे आणि उद्घाटनाच्या मंडपावर फेकायचे. रॉकेल काय, घराघरांत आहेच."

तर्क चुकीचा वाटत नव्हता. आठवड्यापूर्वीच दुसऱ्या उपनगरात एक बस जाळली होती.

बुवांना ठाण्यावर आणलं. पन्नाशीचा बारीक माणूस, कुर्ल्याच्या एका गिरणीत रातपाळीला. पाळी संपवून घरी निघालेला, केसांत कापसाची पूड तशीच.

"काकडे कुठे ठेवलेत?" हवालदारांनी विचारलं.

"काकडे न्हाय."

"मग चिंध्या कशाला? गोधड्या शिवतोस?"

"आमका व्हयेत."

"कशाला हव्यात?"

"सांगलंय तर त्येचीव बंदी कराल."

यापुढे बुवा बोलेनात. हवालदार टेबलावर हात आपटत होते, आणि बुवा भिंतीकडे बघत शांत बसून होते. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे जाते, एवढं मी तोवर शिकलो होतो. बुवांची नजर दाराकडे एकदाही गेली नाही.

इन्स्पेक्टरसाहेबांनी सांगितलं, "प्रतिबंधक अटक कर. आणि दुपारनंतर पार्टी घेऊन तिन्ही चाळींची झडती."

याचा अर्थ मला कळत होता. बुवांचा खाडा पडला की गिरणीचं दार बंद. आणि त्या दिवसांत पोलिसांची पार्टी चाळीत शिरली की वरून पहिला दगड येणार, खालून लाठी, आणि मग पुढचं कोणाच्याच हातात राहणार नाही.

"साहेब, पार्टी नेण्याआधी मी एकदा बघून येऊ?" मी चाचरत विचारलं.

"बघ. पण तासाभरात मला उत्तर पाहिजे."

हवालदारांना घेऊन गेलो. जिना चढताना त्यांच्या बुटांचा आवाज झाला तशी एक बाई लगबगीने बाहेर आली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू चला ओ. रातपाळीवाले झोपलेत."

मी जिन्यातच थांबलो. एवढ्या एका वाक्याने मी थेट माझ्या लहानपणात जाऊन पडलो. आमच्या चाळीतही दिवसा अर्धी माणसं झोपलेली असत. सप्ताह जवळ आला की दुपारी भजनाचा सराव तर करायचाच, पण झोपलेल्यांची झोप मोडायची नाही. म्हणून आमचे बुवा टाळांना चिंध्या गुंडाळायला लावत. ठेका धरायचा, ओठ हलवायचे, आवाज नाही. त्याला आम्ही मुका सराव म्हणायचो.

बुवांच्या खोलीत शिरलो. चिंध्यांचा ढीग होता. रॉकेलचा वास चुलीजवळ होता तेवढाच. खुंटीवर टाळांची जोडी टांगलेली, दोन्ही वाट्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधलेल्या. शेजारी पितळेची झाकणं, ताटल्या, त्याही तशाच.

"हे काय, साहेब?" हवालदारांनी विचारलं.

"बंदोबस्त," मी म्हणालो. "त्यांनी केलेला."

ठाण्यावर येऊन बुवांसमोर बसलो. "बुवा, उद्या मंत्र्यांची मोटार खालून जाताना आपापल्या गॅलरीत उभं राहून मुका सराव करणार ना?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"साहेब, तुमचो गाव खंयचो?"

"कणकवलीकडचो."

"मगे सकाळपास्ना इचारतास कित्याक?"

हवालदार तोंड फिरवून हसले.

इन्स्पेक्टरसाहेब हसले नाहीत. मी त्यांना जे सुचलं ते सांगितलं. माणूस आपल्या दारात उभा, तो जमाव नव्हे. आवाज नाही, म्हणजे घोषणा नाही, वाद्यही नाही. त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

"तुझ्या पुस्तकात हे बरोबर असेल. पण उद्या एक जरी काकडा पेटला, तर तुझी नोकरी गेली आणि वर चार माणसं गेली. खात्री आहे?"

"पूर्ण नाही, साहेब," मी म्हणालो. खोटं बोलवलं नाही.

"रायफल पार्टी वळणाआड गाडीत राहील. तू चाळीखाली उभा राहा. बुवाला सोड."

दुसऱ्या दिवशी मी चाळीखाली उभा होतो. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. पुरुष, बायका, पोरं, प्रत्येकजण आपल्या दारासमोर. मोटारीचा आवाज आला. मधल्या गॅलरीत बुवांनी हात वर केला आणि खाली आणला.

शेकडो हात एकदम हलले. टाळ टाळावर, ताटली ताटलीवर. आवाज नाही. फक्त कापडावर कापड पडल्याची धप, धप, जशी झोपलेल्या माणसाच्या छातीला कान लावल्यावर ऐकू येते. तिन्ही चाळी एका ठेक्यात.

"साहेब," हवालदार कुजबुजले, "हे ओरडले असते तर बरं झालं असतं हो."

मोटारीचा वेग कमी झाला. आणि वर कोणाची तरी गाठ सुटली. एक टाळ खणकन वाजला.

वळणाआडून रायफल पार्टीच्या बुटांचा आवाज आला. मी मागे न बघता हात आडवा धरला. पुढे या म्हणून की थांबा म्हणून, ते माझं मलाही ठाऊक नव्हतं. वर बुवांनी हात उचलला, आणि तिन्ही चाळी जागच्या जागी थिजल्या. ज्या बाईची गाठ सुटली होती तिने भरभर पट्टी गुंडाळली, दाताने गाठ आवळली. मग बुवांचा हात खाली आला. पुन्हा धप, धप.

मोटार निघून गेली. आत बसलेल्यांनी वर पाहिलं की नाही, मला दिसलं नाही. इन्स्पेक्टरसाहेब माझ्यामागे येऊन उभे होते. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि हळूच विचारलं, "ह्याला कलम कुठलं लावणार रे?"

बंदोबस्त उठल्यावर मी वर गेलो. सगळ्यांचे टाळ अजून बांधलेलेच होते.

"बुवा, आता सोडा की. मंत्री गेले."

"हुकूम सांजेपर्यंत आसा," ते म्हणाले. "तवसर ऱ्हवांदेत."

पुढे बरीच वर्षं नोकरी केली, मोठेमोठे बंदोबस्त पाहिले. हुकूम काढणाऱ्यांपेक्षा तो काटेकोरपणे पाळणारी माणसं, आणि पाळता पाळता आपलं म्हणणं पोचवणारी, मला पुन्हा दिसली नाहीत. हक्क आणि बंदोबस्त यांच्यात कुठे रेघ ओढायची, हे मला पुस्तकाने शिकवलं आणि ठाण्यानेही. पण ती रेघ दोन्ही बाजूंनी धरावी लागते, हे त्या चाळीत कळलं.

त्या संध्याकाळी मी ठाण्यातच होतो. पहाऱ्यावरच्या शिपायाने सहाचे टोल दिले. शेवटच्या टोलाचा नाद विरायच्या आत टेकडीकडून टाळ वाजू लागले. तिन्ही चाळींचे, एकदम, मोकळे.

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी पूर्ण उघडली.