कोमट प्लास्टर
वाशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये पीओपीचं काम निघालं आणि ओल्या प्लास्टरच्या वासासरशी मला कर्नाळ्याच्या जंगलातला ओढा आठवला. नव्वदच्या दशकात आम्ही तिथे बिबट्यांची गणना करायचो, चिखलातल्या पंजांचे प्लास्टरमध्ये ठसे घेऊन. एका सकाळी त्या ओढ्याकाठी मी पातेल्यात प्लास्टर कालवून पंजाच्या खुणेवर वाकले, तर तिच्यात पाणी अजून झिरपत होतं. सोबतचा वनरक्षक जवळच्याच गावातला. तो कुजबुजला, "ताई, हलू नका. आताच गेलाय, जवलच हाय." वरती वानरं खेकसायला लागली. समोरच्या कारवीच्या झुडपांत काहीतरी जड श्वास घेत होतं. हातातलं प्लास्टर आळत गेलं, आळताना कोमट झालं, जिवंत अंगासारखं, तरी पातेलं खाली ठेवायचा धीर होईना. काल मिस्त्रीचं घमेलं सरकवताना ते तसंच कोमट लागलं, आणि माझी पाठ आपोआप भिंतीला टेकली.