गॅसच्या खड्ड्यात राख

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. थोरल्या दिरांनी परसात शेणाच्या गॅसचा खड्डा बांधून वर लोखंडी टाकी पालथी घातली. सासर बिद्रीकडच्या खेड्यात. मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत असे. गणपतीला गावी गेले, तर टाकी गॅसनं जेमतेम बोटभर उचललेली. नळीला काडी लावली की काडीच विझे.

गॅसची ओढ होती ती थोरल्या जाऊबाईंना, आमच्या अक्कांना. चुलीच्या धुरानं त्यांच्या डोळ्यांना सतत पाणी. तांदूळ निवडताना खडा दिसेना, सुई ओवायला दुसऱ्याला हाक मारावी लागे.

दीर माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर असतानाच अक्कांना म्हणाले, "मास्तरीणबाईस्नी सांग, दिवाळीपतोर पेटलं तर पेटलं. न्हायतर खड्डा बुजवून केळी लावतो."

मीही अक्कांनाच म्हणाले, "त्यांना सांगा, बघते."

गावतळ्याच्या एका कोपऱ्यात कायम बुडबुडे येत. तळ्यातल्या आसरा, पाण्याच्या देवता, श्वास घेतात, म्हणून बायका तिकडे धुणं धूत नसत. मी पाण्यानं भरलेली बाटली तिथं उलटी धरली, तोंडात रॉकेलचं नरसाळं बसवलं आणि काठीनं गाळ ढवळला. बुडबुडे बाटलीत चढले. काठावर काडी लावली, तर बाटलीच्या तोंडाशी निळी ज्योत भक्कन उठून गेली.

"आता गं बया! पाण्याला आग!" अक्का दोन पावलं मागं सरल्या.

"पाण्याला नाही. गाळात जंतू आहेत, ते ही हवा करतात. आपल्या खड्ड्यात तेच नाहीत, नाहीतर मेलेत."

जंतू डोळ्यांनी दाखवणं मला जमलं नसतं. पुढं शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो गाळ धरला, तेव्हा वळवळणारं पुष्कळ दिसलं. त्यातलं गॅस करणारं कोण, ते कळलं नाही. हवा पेटते का, एवढीच माझी परीक्षा.

माझ्याकडे लिटमसचे कागद होते. तळ्याच्या गाळात लाल कागद लालच राहिला, खड्ड्यातल्या शेणात चटकन निळा झाला. म्हणजे खड्ड्यात काहीतरी सोड्यासारखं खारं पडत होतं. काय, ते दुसऱ्या सकाळी समजलं. अक्का चूल साफ करून पाटीभर राख घेऊन आल्या आणि शेणाबरोबर खड्ड्यात ओतली.

"हे काय, अक्का?"

"राख. उकिरड्याला शेणावर राख टाकत्यात की. तुज्या म्हायेरी न्हाय टाकत व्हय?"

"रोज टाकता?"

"खड्डा भरल्यापास्नं. एक दिस चुकवला न्हाय."

ज्या चुलीतून सुटायचं, तिचीच राख त्या नेमानं तिथं नेत होत्या. मी म्हणाले, "दुधात विरजण घालून वर मूठभर सोडा टाकला, तर दही लागेल?"

अक्कांनी रिकामी पाटी पदराआड केली. मग म्हणाल्या, "ह्यास्नी सांगू नगंस."

सांगावं लागलंच, कारण खड्डा निम्म्याहून जास्त उपसायचा होता. दीर हसले तेवढे हसले, मग घमेलं घेऊन स्वतः उतरले. विरजण म्हणून तळ्याचा गाळ आणायचा ठरला. अक्कांनी आधी आसरांना हळदकुंकू वाहिलं, मग दोन बादल्या गाळ भरू दिला. वर ताजं शेण कालवलं.

दिवाळीला गेले तेव्हा टाकी हातभर वर आली होती. शेगडी पेटली. अक्का वाकून बघत म्हणाल्या, "ह्याला धूरच न्हाय. पेटलंय कशावरनं म्हणायचं?" आणि हात भाजून घेतला.

डोळे पहिल्यासारखे झाले नाहीत. सुई दुसऱ्यानंच ओवायची. डोळ्यांतलं पाणी मात्र थांबलं. अंघोळीच्या पाण्याची चूल परसात राहिली, तिची राख लांबच्या उकिरड्यावर जाऊ लागली. एकदा सासूबाई पाटी घेऊन खड्ड्याकडं वळल्या, तर अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आत्याबाई, तिकडं नगं! मरत्याली ती जंतू!"

दिरांनी केळी लावलीच, खड्ड्यातून निघालेल्या शेणाच्या मळीवर, खड्ड्याच्या कडेनं.