वर्नाने हात लावायचा नाही

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हरणांची शिकार सुरू होते त्या दिवशी शाळेलासुद्धा सुट्टी असते. वर्ना स्टायगर मात्र त्या दिवशी सगळ्यांसाठी सूप रटरटत ठेवते आणि घरीच बसते. एकेकाळी अख्ख्या खोऱ्यात तिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता. मरताना बाप म्हणालाही होता, "माझी रायफल वर्नाची. डेलचा नेम गोठ्याच्या दारालासुद्धा लागायचा नाही."

पण रायफल गेली भावाकडेच, डेलकडे. तरुणपणी बाळ दगावलं तेव्हा वर्नाने अन्नपाणी सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, दाखल हो. गाईंच्या धारा कोण काढणार, म्हणून ती हटून बसली. शेवटी तिला सक्तीने वेड्यांच्या इस्पितळात नेलं. थोड्याच दिवसांत ती बरी होऊन परतली आणि धारांना बसली. पण सक्तीने नेलेल्या माणसाने पुन्हा बंदुकीला हात लावायचा नाही, असा कायदा! आपणहून गेली असती तर कुणी अडवलं नसतं. हे तिला तेव्हा एकाही शहाण्याने सांगितलं नाही. आणि डेलने दारूच्या नशेत स्वतःच्याच छताला गोळ्यांनी भोकं पाडली, तरी तो कधी डॉक्टरची पायरी चढला नाही, म्हणून कायद्याच्या लेखी ठणठणीत. संताप येणार नाही तर काय?

पुढे डेलने रायफल मुलाला दिली. यंदा शिकारीच्या आदल्या संध्याकाळी तोच मुलगा, कर्टिस, ती घेऊन वर्नाच्या दारात उभा राहिला. बायको सोडून गेल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"आत्या, ही तुझ्याकडे ठेव. घरात असली की नको ते मनात येतं."

वर्नाने हात पुढे केला आणि मागे घेतला. "मला ठेवता येत नाही रे. सापडली तर तुरुंगात टाकतील."

"मग बाबांकडे देऊ?"

डेल दोन घोट घेऊन ती उद्याच पोराच्या हातात परत देईल, हे दोघांनाही माहीत होतं. अख्ख्या घराण्यात पोराला विश्वासाचं माणूस एकच, आणि नेमकं त्याच माणसाला मनाई. वर्नाने कायद्याला एक सणसणीत शिवी हासडली, रायफल घेतली, त्यातल्या गोळ्या काढल्या आणि ती कपाटात कुलूपबंद केली. बापाची वस्तू शेवटी तिच्या घरी आली ती अशी, चोरीच्या मालासारखी.

"चल, गाडीत बस. इस्पितळात आपल्या पायांनी जायचं. ओढून नेईपर्यंत थांबायचं नाही, मी थांबले तशी."

कर्टिस घुटमळला. "पण माझ्या गाईंच्या सकाळच्या धारा, आत्या?"

"त्या मी काढीन," वर्ना म्हणाली. "तेवढं म्हणणारं मला तेव्हा कुणी भेटलं नाही."